ऑर्डरची बाहुली: कापडापासून वेणीपर्यंत

बाहुलीची ऑर्डर घेताना मी मुलाचा फोटो मागते, पण त्याआधी तीन गोष्टी विचारते. मूल किती वर्षांचं, केस कसे, आणि त्याला बघितल्या बघितल्या लोक काय बोलतात? तिसऱ्या प्रश्नाला सगळेच जरा थांबतात. मग कुणी सांगतं, "ही दिवसभर गमबूट घालून फिरते." कुणी म्हणतं, "समोरचे केस कधी बसतच नाहीत हो ताई, सारखे उभे." एकीच्या गालावर तीळ असतो, एकाचा चष्मा नाकावरून घसरत असतो. एवढं कळलं की निम्मं काम झालं. कापडावर चार टाक्यांत कुणाचा हुबेहूब चेहरा उतरत नाही, आणि उतरवायच्या नादाला लागलं तर बाहुली भेसूर दिसते. डोळे म्हणजे दोन ठिपके, तोंड म्हणजे एक बारीक रेघ, आणि ती एक खूण मात्र अचूक. मूल त्या खुणेवरूनच म्हणतं, "ही मी!"

मी इचलकरंजीत ब्लाउज शिवते. आमच्या गावात कापडाला तोटा नाही. मागावरचं पॉपलीन, केंब्रिक, फेंटचे, म्हणजे ठाणातून उरलेले तुकडे, सगळं मिळतं आणि ब्लाउजच्या कटिंगमधून उरलेल्या चिंध्यांची तर पोतीच भरतात. पण चिंधीची बाहुली म्हटलं तरी अंगाचं कापड चिंधीतलं घेऊ नका. अंगाला नवं, सुती, घट्ट विणीचं कापड लागतं. चिंध्या कपड्यांना वापरा. जुन्या विरलेल्या कापडाचं अंग केलं की भरताना शिवणीजवळ धागे सरकतात आणि पोर दोन महिन्यांत आतला कापूस उपसून काढतं.

सामान फार नाही. अंगासाठी अर्धा मीटर पॉपलीन, भरायला साधारण २०० ग्रॅम फायबर, केसांना लोकरीचा एक गुंडा, भरतकामाच्या दोऱ्याच्या अँकर कंपनीच्या लडी, जाड दोरा, बारीक टोकाची कात्री, टाचण्या, खडू आणि ढकलायला लांब दांडी. दांडी म्हणून मी विणकामाच्या जाड सुईचं बोथट टोक वापरते. मशीन नसेल तर हाताने उलटी टीप घाला, म्हणजे प्रत्येक टाका थोडा मागे घेऊन पुढे जायचं, फक्त टाके बारीक हवेत. साधा धावदोरा इथे टिकत नाही.

आता रंग. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त वाद इथेच होतो. बाजारातली बाहुली गुलाबी-गोरी असते, म्हणून आयाही सांगतात, "ताई, जरा उजळच करा हं." मी नाही करत. बाहुली मुलीसारखी हवी म्हणून माझ्याकडे आलात ना, मग तिचाच रंग. मॅचिंग सेंटरमध्ये पॉपलीनचे ठाण रांगेने लावलेले असतात. त्यात बिस्किट, बदामी, कॉफी, चॉकलेटी या छटा बघा. फोटोवरून रंग ठरवू नका, मोबाईलचे कॅमेरे सगळ्यांनाच उजळ दाखवतात. मूल गावातलं असेल तर त्याला दुकानात घेऊन जा आणि हाताची मागची बाजू कापडावर ठेवा, तीही दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नको, दारात उजेडाला येऊन. मूल लांब असेल तर चार छटांचे दोन-दोन इंचांचे तुकडे पाकिटातून पाठवते आणि आईला हाताशी लावून बघायला सांगते. एकदा सांगलीहून आलेल्या एका चार वर्षांच्या पोरीने काउंटरवरच्या दोन तुकड्यांतला गडद तुकडा स्वतः उचलला आणि आईला म्हणाली, "हा माझा हात आहे." आई काही बोलली नाही. बाहुली त्याच कापडाची झाली.

हवी ती छटा मिळाली नाही तर मांजरपाट आणून चहात रंगवा. एक लिटर उकळत्या पाण्यात चार मोठे चमचे चहा पावडर आणि चमचाभर मीठ घाला, गाळून घ्या आणि ओलं कापड त्यात बुडवा. गाळायला विसरू नका, नाहीतर पावडरीचे ठिपके बसतात. ओलं असताना रंग गडद वाटतो, वाळल्यावर एक छटा उतरतो. कॉफी घातली तर रंग आणखी तपकिरीकडे जातो. कापड रंगवलेलं असो की विकतचं, कापण्याआधी एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यायचंच. सुती कापड पहिल्या पाण्याला आटतं. ते बाहुली झाल्यावर आटलं तर शिवणी ओढल्या जातात.

माप देते ते १६ इंची बाहुलीचं. तीन ते आठ वर्षांच्या मुलांच्या काखेत ती बरोबर बसते. हे सगळं तयार माप आहे, त्याबाहेर चारी बाजूंनी पाव इंच माया, म्हणजे शिवणीसाठी जादा कापड, सोडायची, फक्त धडाच्या खालच्या कडेला अर्धा इंच. डोकं, मान आणि धड एकाच तुकड्यात काढा. डोकं चार इंच उंच आणि साडेचार इंच रुंद. रुंदी जास्त का, तर भरल्यावर डोकं गोल होतं आणि समोरून अरुंद दिसायला लागतं. कागदावर गोल काढलेलं डोकं भरल्यावर काकडी होऊन बसतं. मान अर्धा इंच उंच आणि पावणेदोन इंच रुंद. नाजूक मान काढायचा मोह होतो, तो आवरा. खांदे साडेतीन इंच, धड पाच इंच लांब, खाली सव्वाचार इंच रुंद. हात साडेपाच इंच लांब आणि दीड इंच रुंद, टोकाला गोलाई. पाय साडेसहा इंच लांब, दोन इंच रुंद. दीड इंचापेक्षा बारीक हात काढला तर तो उलटवताना तुम्ही रडाल.

एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर हे साचे कापून ठेवा, परत परत उपयोगी पडतात. कापडावर ठेवताना उभा धागा बाहुलीच्या उंचीत आला पाहिजे. कापड वाचवायला साचा उरेबात, म्हणजे तिरका, फिरवला तर हात-पाय भरल्यावर पिळवटतात. बूट हवे असतील तर पायाच्या कापडाला खालून दीड-दोन इंचांची काळी किंवा लाल पट्टी आधीच जोडून घ्या आणि मग साचा ठेवा. वेगळे बूट शिवण्याची कटकट नाही, आणि ते पलंगाखाली हरवतही नाहीत. गमबूटवालीला मी पट्टी थेट गुडघ्यापर्यंत पिवळी लावली होती.

चेहऱ्याचं भरतकाम कापड कापण्याआधीच करायचं. कापडावर साच्याची बाह्यरेषा काढा, खाली पातळ मांजरपाटाचा दुसरा थर लावा आणि भरतकामाच्या रिंगमध्ये ताणा. दुसरा थर महत्त्वाचा, नाहीतर मागचे गडद धागे पुढून दिसतात. डोक्याच्या उंचीची मधली रेघ काढा. डोळे त्या रेघेच्या पाव इंच खाली घ्या, दोन डोळ्यांत मध्यापासून मध्यापर्यंत सव्वा इंच अंतर ठेवा. डोळे खाली आले की चेहरा लहान मुलाचा दिसतो, वर गेले की बाई दिसते. तोंड डोळ्यांच्या पाऊण इंच खाली, अर्ध्या इंचाचं, टोकं किंचित वर. दात दाखवून हसणारं तोंड करू नका. मूल कधी बाहुलीला रागावतं, कधी रडवतं, कधी ताप आणतं. तिचं तोंड सतत फाकलेलं असलं तर खेळच होत नाही.

सहा पदरी लडीतले दोनच पदर घ्या. डोळ्यांना भरीव टाका, भुवया आणि तोंडाला उलटी टीप किंवा साखळी. अँकरचा ४०३ हा पक्का काळा आहे, पण डोळ्यांना मी गडद तपकिरी वापरते आणि काळ्याचा एकच गाठीचा टाका मध्ये टाकते. तो ठिपका किंचित वरच्या बाजूला घेतला की डोळा जिवंत वाटतो. तीळ, टिकली, नथ हे सगळंही दोऱ्याचंच. मोती, मणी, बटण काही नाही. गालाला लाली हवी तर गुलाबी दोऱ्याचे पाच-सहा आडवे विरळ टाके घाला. कुंकू किंवा लिपस्टिक चोळू नका, पहिल्या धुण्याला सगळ्या तोंडावर पसरतं. चष्मा मी काळ्या बारीक दोरीचा करते आणि तो नाकावर व कानाशी टाके घालून पक्का बसवते. घसरणारा चष्मा हवा असेल तर थोडा खाली शिवते, झालं.

आता शिवण. हाताचे दोन-दोन तुकडे सुलटी बाजू आत ठेवून शिवा, वरचं तोंड उघडं ठेवा. मशीनची टीप बारीक करा, इंचाला बारा टाके तरी पडले पाहिजेत. गोलाईला दर पाव इंचावर कात्रीने कट मारा, टिपेला न लागता. मग उलटवा. हात भरताना टोकापासून सुरुवात करा आणि वरचा एक इंच रिकामा सोडा, म्हणजे हात खांद्यात वाकतो. पाय अगदी असेच.

समोरचा तुकडा सुलटा समोर ठेवा, भरलेले हात खांद्याच्या जरा खाली आतल्या बाजूला वळवून टाचा, हाताची कच्ची टोकं कडेला लागली पाहिजेत. वर मागचा तुकडा पालथा ठेवा आणि धडाच्या खालच्या कोपऱ्यापासून खांदा, मान, डोकं करत दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत टीप मारा. खालची कड उघडी राहील. हातांवरून आणि मानेवरून दुसरी टीप मारायची, पहिलीच्या अगदी अंगावरून. मानेच्या दोन्ही खाचांत टिपेच्या दोन मिलिमीटर अलीकडेपर्यंत कट मारा. तो कट उथळ राहिला की उलटवल्यावर मानेवर चुण्या येतात, आणि त्या इस्त्रीनेही जात नाहीत.

भरायला काय? आपल्या आज्या चिंध्याच भरायच्या. ब्रिटिश म्युझियममध्ये रोमन काळातली, इजिप्तमध्ये सापडलेली एक तागाच्या कापडाची बाहुली आहे, तिच्याही पोटात चिंध्या आणि पपायरसचे तुकडे आहेत. पण चिंध्या जड होतात आणि त्यांचे गठ्ठे हाताला लागतात. साध्या कापसाची गंमत पहिल्या धुण्यापर्यंत. नंतर गोळे होतात, आणि आषाढात धुतली तर आठवडाभर वाळत नाही, मग आंबूस वास सुटतो. सावरीचा कापूस हलका आणि सुंदर असतो, पण घरभर उडतो. ऑर्डरच्या बाहुलीला मी उशांमध्ये घालतात ते पॉलिस्टरचं फायबर वापरते. गादीवाल्याकडे किलोवर मिळतं.

मूठभर एकदम कोंबू नका. लिंबाएवढा पुंजका घ्या, बोटांनी मोकळा करा, आत ढकला, मग पुढचा. आधी डोकं, हनुवटी आणि गालांच्या कडा, मग मध्य. मानेशी आलात की हात थांबवा. फायबरची बोटाएवढी जाड, तीन इंच लांब, घट्ट वळकटी करा. ती उभी आत सारा, अशी की निम्मी डोक्यात रुतली पाहिजे आणि निम्मी छातीत उतरली पाहिजे. मग तिच्या भोवतीने छोटे पुंजके ठासत या. बाहुलीची मान पडते ती इथेच, डोकं आणि धड वेगवेगळं भरलं जातं आणि मानेत पोकळी राहते. काहीजण आत काठी घालतात. लहान मुलाच्या खेळण्यात काठी नको, कापड फाटलं की टोक बाहेर येतं. दाबून बघा, डोकं पिकल्या पेरूसारखं नको, कच्च्या पेरूसारखं हवं. नंतर ते थोडं मऊ पडतंच.

धड भरून झालं की खालची कड अर्धा इंच आत दुमडा, पायांची रिकामी टोकं त्यात सरकवा, दोन पायांत पाव इंच जागा सोडून टाचण्या लावा. इथे मशीन चढत नाही, हातानेच शिवायचं. दुहेरी दोरा मेणबत्तीवरून ओढून घ्या, अंगुस्ताना घाला, आणि सगळ्या थरांतून आरपार उलटी टीप घालत एका टोकाकडून दुसरीकडे जा आणि तशीच परत या. या टिपेपाशी पाय वाकतात म्हणून बाहुली बसते.

केसांसाठी अॅक्रिलिक लोकर चांगली, धुतली तर आटत नाही. लांब वेण्यांना १२ इंच उंचीच्या वहीभोवती लोकर साठ-सत्तर वेढे गुंडाळा आणि एका कडेने कापा. २४ इंची दोर मिळतील. लोकरीच्याच रंगाची चार इंच लांब कापडी पट्टी घ्या, दोर तिच्यावर आडवे, दाटीने पसरा आणि बरोबर मधून टीप मारा. हा झाला भांग. पट्टी कपाळावरच्या शिवणीपासून मागे मानेकडे ठेवा आणि भांगावरून हाताने उलटी टीप घालून डोक्याला पक्की करा. मग दोन्ही बाजूंचे केस कानाशी आणून तिथे लोकरीनेच तीन-चार टाके घाला, आणि त्याखाली वेणी. मागून टक्कल दिसत असेल तर आधी डोक्याच्या मागच्या बाजूला त्याच रंगाच्या लोकरीचे लांब टाके भरून घ्या. मुलग्यांचे आखूड केस निव्वळ अशाच टाक्यांचे करते. उभ्या राहणाऱ्या पुढच्या केसांना चार फास सोडून कापायचे आणि मुळाशी एकेक गाठ मारायची.

कुरळ्या केसांना विकतची लोकर घेऊच नका. जुना स्वेटर उसवा. वर्षानुवर्षं विणीत बसलेल्या लोकरीला जे वळण पडलेलं असतं ते सहजासहजी आणता येत नाही, फक्त उसवलेली लोकर धुऊ नका, वळण जातं. तोच स्वेटर मुलाचा लहानपणीचा असेल तर घरचे लोक फार खूश होतात. बाहुलीच्या केसांना तेल लावू नकोस, हे मात्र मुलीला बजावून सांगावं लागतं. लावतातच.

कपडे ही ऑर्डरच्या बाहुलीची खरी मजा. आखूड झालेला फ्रॉक, बारशाचं झबलं, आजीची इरकल, खणाचा उरलेला तुकडा, लोक काय काय घेऊन येतात. आठवणीच्या कापडाला कात्री लावण्याआधी कुठून कापणार ते खडूने आखून दाखवा आणि हो म्हणवून घ्या. पदर आणि काठ कुणाला ठेवायचे असतात, कुणाला बाहुलीवर हवे असतात. आपण गृहीत धरायचं नाही. जुनं रेशीम घडीवर चिरतं, म्हणून त्याच्या मागे मलमल लावून दोन्ही एकच कापड समजून शिवा.

परकराला २० इंच बाय साडेनऊ इंचांचा तुकडा पुरतो. बाजू जोडा, वर एक इंचाचा नेफा, त्यात आठ इंच इलॅस्टिक, खाली अर्ध्या इंचाची दुमड. काठ आधीच असेल तर दुमडीचं काम वाचलं. पोलकं मागून उघडं ठेवा. नऊवारी हवी असेल तर शिवलेलीच करा, निऱ्या टाके घालून बसवलेल्या आणि कमरेला इलॅस्टिक. पाच वर्षांच्या मुलीला काष्टा घालता येत नाही आणि मग आईला दिवसातून दहादा बोलावलं जातं. बंदाला वेल्क्रो लावू नका, तो लोकरीच्या केसांत अडकतो आणि वेण्यांची वाट लागते. पाच वर्षांपुढच्यांना टिचबटण चालतं. तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या बाहुलीला सुटं काहीच नको. टिचबटण नाही, मणी नाही, लोकरही नाही. केसांच्या जागी गडद कापडाची टोपी डोक्याला शिवून टाका, कपडेही अंगालाच शिवा. वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना मऊ खेळणं शेजारी ठेवू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. बारशाची भेट म्हणून बाहुली मागणाऱ्यांना मी हे आधीच सांगते.

विकायचा विचार असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. केंद्र सरकारच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. कारागिराचं ओळखपत्र काढून घ्या. दर लावताना कापडाचे पैसे सगळे धरतात, चेहऱ्याला आणि केसांना गेलेले तास कुणी धरत नाही. ते धरा, आणि निम्मे पैसे आधी घ्या. मुलाच्या चेहऱ्याची, रंगाची बाहुली दुसऱ्या कुणाला विकता येत नाही.

देण्याआधी तिला हाताला धरून जोरात ओढा, मग पायाला, मग वेणीला. करकर आवाज आला तर तिथे दुसरी टीप. शक्य असेल तर कोमट पाण्यात एकदा बुडवून पिळून बघा, कपड्यांचा रंग अंगावर उतरतो का तेही कळतं. विशेषतः लाल आणि हिरवा खण. धुवायची रीत ग्राहकाला सांगून ठेवा. साबणाच्या पाण्यात दाबून धुवायची, टॉवेलात गुंडाळून पाणी काढायचं, वेण्या सोडून सावलीत उताणी वाळत घालायची. दोरीवर हाताने लटकवायची नाही.

अंगाच्या कापडाचा वीतभर तुकडा आणि लोकरीचे चार दोर एका पाकिटात घालून, त्यावर मुलाचं नाव आणि छटेचा नंबर लिहून जपून ठेवा. दोन वर्षांनी ती बाहुली हाताची शिवण उसवून परत येते, आणि तोवर दुकानात त्या छटेचा ठाण संपलेला असतो.